हात न लावायची जमीन

आमच्या घरात कोणालाच स्वस्थ बसता येत नाही. हा गुण म्हणायचा की दोष, ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला ठरवता आलेलं नाही. सासरे, म्हणजे आमचे आबा, ऐंशीच्या घरात आले तरी पहाटे उठून ओटा झाडतात आणि झाडलेल्या ओट्यावर बसवत नाही म्हणून गोठ्यात जाऊन उभे राहतात. नवरा भुसावळला रेल्वेत आहे. रविवारी घरी येतो आणि विहिरीवरची मोटर खोलून बसतो. चांगली चालू असलेली मोटर. आणि मी? हे चार शब्द लिहितानासुद्धा मधेच उठून दूध उतू गेलं का ते पाहून आले. गॅस पेटवलेलाच नव्हता.

अशा घराला कोणी येऊन म्हणावं की तुम्ही काहीही करू नका, आम्ही त्याचे पैसे देतो, ही खरं तर थट्टाच होती. पण ती थट्टा मीच घरात आणली, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

आमची खालची जमीन काळीभोर. यावलच्या आसपास सगळ्यांची असते तशीच, केळीची. वर सातपुड्याच्या पायथ्याला लागून आणखी एक तुकडा आहे, त्याला आम्ही बरड म्हणतो. मुरूम, दगड आणि दगडांच्या फटीतून जे आपणहून येईल ते. अंजन, सलई, धावडा, हिवर, बोरी, टेंभुर्णी, आणि पायजम्याला चिकटून घरापर्यंत येणारी कुसळं. तिथे कधी नांगर चालला नाही. आबांच्या लेखी ती जागा म्हणजे राहून गेलेलं काम. 'एकदा तठीबी केयी लावू,' म्हणजे तिथेही केळी लावू, हे वाक्य मी नवी नवरी होते तेव्हापासून ऐकत आले. पाणी नव्हतं म्हणून ते नुसतं बोलण्यावर राहिलं.

मला मात्र बरड आवडायचं, आणि त्याचं कारण काही फार थोर नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा घरात माणसं मायंदाळ. दर दोन मिनिटांनी कोणीतरी हाक मारायचं. सरपणाच्या निमित्ताने वर गेलं की हाक ऐकू यायची नाही. तिथेही मी बसत नसे, बसणं आपल्या नशिबात नाही, हिंडायचे. टेंभुर्णीची फळं खायचे, धावड्याचा डिंक खरवडायचे, ओच्यात बोरं घेऊन यायचे. पुढे घर रिकामं होत गेलं, सासूबाई गेल्या, मुलं शिकायला बाहेर पडली, तरी माझं वर जाणं सुटलं नाही. माझ्या मालकीचं त्या घरात काही असेल तर ती ती पायवाट होती. सातबारा अर्थात आबांच्या नावावर.

मग शेजारच्याने त्याच्या बरडावर पोकलेन आणलं. दोन दिवस खडखडाट चालला आणि तिसऱ्या दिवशी तिकडचा अख्खा उतार सोललेला दिसला. झाडं नाहीत, दगड नाहीत, बोरीची एक काटकी नाही. खोल बोअर मारलं, ठिबकच्या नळ्या अंथरल्या, रोपं लावून मोकळा. आमचे हे रविवारी आले ते थेट तिकडेच गेले आणि परतले तेव्हा डोळे चमकत होते. म्हणाले, आपणही करून टाकू. त्या दिवशी माझ्या भाकरी तव्यावर करपल्या.

त्याच सुमारास ग्रामपंचायतीत एका संस्थेची माणसं आली. त्यांच्यातली बोलणारी होती एक धुळ्याकडची मुलगी. पायात जाड बूट, गळ्यात दुर्बीण, आणि कोणाच्याही नजरेला नजर देऊन बोलायची सवय. ती म्हणाली, तुमच्या जमिनीवरचं देशी झाड, झुडूप, गवत आहे तसं राखा. तोडायचं नाही, जाळायचं नाही, नांगर घालायचा नाही, गुरं सोडायची नाहीत. वर्ष सरताना आम्ही येऊन पाहणी करू आणि राखलेलं असेल तर पैसे देऊ. पैसे येणार कुठून, तर लांबच्या कुठल्या कारखान्यांचा धूर आणि आपल्या झाडांची सावली यांचा काही मेळ घातलेला होता. तो मला तेव्हाही पुरता कळला नाही. मागे बसलेला एक जण म्हणाला, "म्हंजे आता गवताले पगार!" सगळे हसले. मीही हसले, पण हात वर केला.

घरी रण माजलं. हे म्हणाले, केळीची बाग सोडून कुसळं कोण राखतं? मी म्हटलं, बाग काय वाऱ्याने झोपते, उन्हाने करपते. कुसळांना ना वारा लागतो ना ऊन. ह्या घरात आजवर आलेला प्रत्येक पैसा कोणाच्या तरी कंबरेतून आला आहे. एकदा तरी असा येऊ द्या की ज्यासाठी कोणाचं अंग दुखलं नाही. बरंच वाजलं. शेवटी ठरलं ते असं : एक वर्ष. पाहणी होऊन पैसे आले तर बरड माझं म्हणणं होतं तसं राहील. नाही आले तर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटली की पोकलेन. एवढं साधं, आणि त्या एका गोष्टीवर माझं सगळं टांगलेलं.

सही आबांची लागणार होती. मी त्यांच्यापुढे बसून एकेक अट समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं.

"जमीन जाईन का हातची?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा. तुमचीच राहील. फक्त हात लावायचा नाही."

"हात लावायचा नही, मंग माही कशी?"

मला तेव्हा हसू आलं. आबांना नाही आलं. पण म्हणाले, "तू म्हनते तं करतो, माय," आणि सही केली. मुलीने मग ठिकठिकाणी चौकोन आखून कोपऱ्यांवर रंगीत खुंट्या ठोकल्या आणि त्या चौकोनांत खाली वाकून काय काय टिपत बसली. आबा लांबून बघत होते. ती गेल्यावर मला म्हणाले, "झाडं तं तठी उभी हायेत. ते पोर खाली काय शोधत व्हती?" मी म्हटलं, असेल काही त्यांचं. ह्या प्रश्नाचं नीट उत्तर मी तेव्हाच विचारून घ्यायला हवं होतं असं आता वाटतं, पण चुलीवर काहीतरी होतं.

ते वर्ष कसं गेलं ते माझं मला ठाऊक. रोज संध्याकाळी वर जाऊन बघून यायचे, जणू गवत पळून जाणार होतं. डोंगरावर कुठे धूर दिसला की हातातलं टाकून वर धावायचे. शेळ्या राखणाऱ्या बायांशी मी इतकी भांडले की त्यांनी माझं काहीतरी वाईट नाव ठेवलं. काय ते कोणी मला सांगितलं नाही. पाहणीचा दिवस जवळ यावा असंही वाटायचं आणि येऊ नये असंही.

पण माझ्याहून वाईट हाल आबांचे. पूर्वी ते बरडावर जायचे ते काहीतरी करायला. दगड उचल, बोरी छाट, बांधाला लाव. आता जायचे आणि हात हलवत परत यायचे. कंबरेला विळा मात्र असायचाच. मी तो लपवून ठेवला तर यावलच्या बाजारातून नवा घेऊन आले. दोन घास खाऊन ताटावरून उठायचे. घरातल्या सगळ्या बाजा त्यांनी एका पावसाळ्यात उसवून पुन्हा विणल्या, आणि एक बाज मला आवडली होती तीही. गावात पारावर तर त्यांची खैर नव्हती.

"काय आबा, आज ड्यूटी व्हती का?"

"गवत नीट उगवा म्हना, आबा. नहीतं पगार कापतीन."

माणसं गमतीने म्हणायची. आबांना ती झोंबायची. आमच्याकडे वावरात गवत उभं असणं म्हणजे त्या घरात कर्ता माणूस उरला नाही, असा अर्थ. आयुष्यभर ज्यांच्या वावरात कधी तण दिसलं नाही, त्यांना म्हातारपणी गवताचे राखणदार म्हणवून घ्यावं लागत होतं. ते पारावर जायचे बंद झाले. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला, पण आबांशी अशा विषयावर बोलायची रीत आमच्यात नाही. मी त्यांना जास्तीचं तूप वाढायचे, एवढंच.

होता होता आखाजी आली. आखाजी म्हणजे आमच्याकडे अर्धी दिवाळी. शेताचं वर्ष इथून सुरू होतं, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल बदलतं, त्याआधी वावरं झाडूनपुसून काडीकचरा जाळतात, आणि लेकी माहेरी जातात. पाहणी आखाजीच्या लगेच मागे ठरलेली. म्हणून मी यंदा माहेरी असोद्याला जायचं नाही असं ठरवलं होतं. ह्यांनी फोनवर चिडवलं, "आता माहेरी जायला लाजायला लागली का?" भावाने दोनदा बोलावणं पाठवलं. आबा म्हणाले, "जाय माय, लेकीनं आखाजीले सासरी नही ऱ्हाऊ." मी सणाच्या चार दिवस आधी गेले.

माहेरी निंबाला झोके बांधले होते. वहिनीने मला जबरदस्तीने बसवलं, मागून ढकललं, बायका गाणी म्हणत होत्या आणि माझं लक्ष त्या सगळ्यावरून उडून सातपुड्याच्या पायथ्याशी. आमरसाची वाटी मी नुसती ढवळत बसले. वहिनी म्हणाली, काय गं, नवऱ्याची आठवण येते का? मी म्हटलं, गवताची. ती माझ्याकडे बघतच राहिली.

सणाच्या दिवशी दुपारी आबांना फोन लावला. "वर सगळं ठीक आहे ना?"

"तू कायजी नको करू, माय. मी हाये ना."

हेच वाक्य ऐकून माझी काळजी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या बांधून घेतल्या आणि सकाळच्या गाडीने निघाले. जळगावला बस बदलली. यावलच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळूनही मी अर्ध्या रस्त्यात उठून दाराशी जाऊन उभी राहिले.

फाट्यावर आबा घ्यायला आलेले. धुतलेलं धोतर, नवी टोपी, आणि तोंडावर हसू. त्यांना असं हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतली. घराकडे वळले तर म्हणाले, "आधी वर चाल."

चढ चढून गेलो आणि मी उभीच राहिले. बरड खळ्यासारखं सारवून ठेवल्यागत स्वच्छ होतं. गवताची एक काडी नाही. बोरीची जाळी नाही, हेकळ नाही, तरवड नाही, अंजनाच्या बुडाशी फुटलेली बारकी रोपं नाहीत. मधोमध राखेचा मोठा गोल. आणि उरलेल्या एकूण एक मोठ्या झाडाला बुंध्याशी गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढलेले, हायवेच्या कडेला असतात तसे. मुलीने ठोकलेल्या रंगीत खुंट्या उपटून, धुऊन, एका दगडावर नीट रचून ठेवल्या होत्या.

"सरकारी झाडाहीले अस्साच रंग असतो," आबा म्हणाले. "पाहुने येऊ ऱ्हायले ना उद्या."

मला पुढचं नीट आठवत नाही. ओरडले एवढं आठवतं. साल संपून मोकळे झालेले दोन गडी चुन्याची बादली घेऊन उभे होते, त्यांच्यादेखत ओरडले. आबा, हे काय करून ठेवलं, सगळं संपवलं तुम्ही, वर्षभर मी कशासाठी जीव टाकला! सासऱ्यांसमोर माझा आवाज आजवर चढलेला नव्हता. गड्यांनी बादली खाली ठेवली.

आबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, फक्त ते तिथे उगाच राहिल्यासारखं दिसायला लागलं. "झाड एक नही तोडलं, माय," ते म्हणाले. "एक नही. तूच पाह्य. कचरा काढला फक्त. पाहुन्याहीले काय काटे दाखवायचे?"

त्यांचं खरंच होतं. अट मोडावी म्हणून त्यांनी काही केलं नव्हतं. झाड म्हणजे ज्याच्या सावलीत माणूस बसतो ते, बाकीचा कचरा. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि कोणी त्यांच्याकडून काढूनही घेणार नव्हतं. वर्षभर त्यांनी त्या जागेपायी टोमणे खाल्ले. आता पहिल्यांदा कोणी ती जागा पाहायला म्हणून येत होतं, तर घरी पाहुणे येण्याआधी जे करायचं ते त्यांनी केलं. हे सगळं मला कळत होतं आणि तरीही माझा राग जात नव्हता. खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण गेलेला नाही.

ह्यांना फोन केला. पलीकडून आधी स्टेशनावरची घोषणा ऐकू आली. मग म्हणाले, "सांगून टाक, शेजारच्या बांधावरून आग आली. आग कोणाच्या हातात असते?" आणि लगेच, "नाहीतर सोडून दे. पोकलेनवाला मोकळाच आहे." त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. मी फोन ठेवला आणि आगीचं वाक्य मनात घोळवायला लागले. भांडी घासताना, पाणी भरताना, आबांना वाढताना तेच वाक्य. ते बोलायला फार सोपं होतं.

सकाळी आबांनी वर अंजनाखाली बाज नेऊन टाकली, थर्मासमध्ये चहा भरून घेतला, आणि एक नारळ. मुलगी तिच्या सहकाऱ्यासोबत चढ चढून आली, धापा टाकत वर पोचली आणि थांबली. तिने दुर्बीण हातात धरली होती, ती तशीच सोडून दिली. एरवी आमच्याशी पुस्तकी मराठी बोलणारी ती, तिच्या तोंडून तिची घरची अहिराणी बाहेर पडली.

"आबा, हाई बठ्ठं कोनी कयं?"

हे सगळं कोणी केलं, ते सांगायला मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. पण आबा माझ्या पुढे होते.

"म्या," ते म्हणाले. "चार दिस लागले."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, गुडघ्यांवर, आणि बोटांनी माती बाजूला करायला लागली. मातीतून बोटभर खुंट निघाला, तिरपा छाटलेला. "हे अंजन," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "वर अंगठ्याएवढं दिसतं, पण खाली मूळ फार खोल गेलेलं असतं. शेळ्या खातात, हे पुन्हा फुटतं. पुन्हा खातात, पुन्हा फुटतं. आमची मोजणी ह्याचीच असते. मोठी झाडं उद्या म्हातारी होतील, त्यांच्या जागी हेच उभं राहायचं."

ती तशीच गुडघ्यांवर पुढे सरकत गेली. आबा आधी तिच्यामागून चुन्याचे पट्टे दाखवत चालले होते. मग तेही खाली बसले. ती माती बाजूला करायची, खुंट दिसायचा, आणि ती काही म्हणायच्या आत आबा हळू आवाजात नाव सांगायचे. "टेंभुर्णी." थोडं पुढे. "हे हिवर." आणखी पुढे. "हेकय. हेबी मोजता?"

"तेही मोजतो, आबा."

"अंजन," आबा म्हणाले. "हेबी अंजन." असं किती वेळ चाललं. मला तिथे उभं राहवेना आणि जाताही येईना. मी थर्मासचं झाकण उघडत होते आणि लावत होते.

शेवटी तिने उठून हात झटकले आणि सांगितलं की यंदाचे पैसे देता येणार नाहीत. मुळं जिवंत आहेत, करार ती मोडत नाही. पण पुढे चालू ठेवायचा की नाही हे तुम्ही ठरवून सांगा. मी आबांकडे बघितलं. मला वाटलं ते पैशाबद्दल काही बोलतील.

"पैशाचं जाऊ दे," ते म्हणाले. "मले हे सांग, मी करू काय? सक्कायपासून संध्याकायलोक?"

"काही नाही, आबा. नुसतं राहू द्यायचं."

"तेच इचारतो ना. काही नही म्हंजे काय करू?"

मी थर्मास पुढे केला. आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. तिने आबांना वाकून नमस्कार केला आणि ती उतरून गेली. नारळ कोणी फोडला नाही.

रविवारी हे आले ते पोकलेनचा दर विचारूनच. ओट्यावर आबांच्या समोर बसले. मी आत दाराशी डाळ निवडत होते. निवडून झालेली डाळ पुन्हा ताटात घेऊन निवडत होते. माझा ह्यात बोलायचा हक्क संपला होता, एक वर्ष मी मागून घेतलं होतं आणि ते गेलं होतं. हे म्हणाले, आबा, ठरल्याप्रमाणे बघा आता. तुमचीच तर जन्माची हौस, तिथे केळी लावायची. आठ दिवसांत रोपं लावून दाखवतो. मला बाहेरचं दिसत नव्हतं. आबा हो म्हणणार यात मला शंका नव्हती.

"नको," आबा म्हणाले.

"नको म्हणजे?"

"केयीचा व्यापारी येतो. गाडीवरून उतरत नही. तठूनच घड पाह्यतो, भाव फेकतो आन् जातो. इतकी वर्सं झाली, माह्या वावरात कोन्ही खाली बसलं नही. ते पोर गुडघ्यावर बसली. म्या छाटलेलं तिनं हातात घेतलं."

"आणि पैसे दिले का? एक रुपया तरी दिला?" ह्यांचा आवाज चढला.

"नही दिला. बराबर केलं तिनं. म्या काम खराब केलं, त्याचे काय पैसे? पुढच्या वर्सी नीट करीन."

डाळीचं ताट माझ्या हातातून खाली गेलं. आबांनी त्याला काम म्हटलं होतं. वर्षभर मी, संस्था, गाव, सगळे त्यांना सांगत होतो की काही करायचं नाही, आणि त्या माणसाला ते सहन होत नव्हतं. आता ते त्यांच्या हातून बिघडलेलं काम झालं होतं, आणि बिघडलेलं काम आबांनी कधी तसंच सोडलेलं नाही. मी जमिनीवरची डाळ वेचत राहिले आणि रडत राहिले. बरडासाठी रडले असेन. आबांवर ओरडले होते त्यासाठीही.

हे न जेवता भुसावळला गेले. अजूनही बरडाचा विषय निघाला की फोन लवकर ठेवतात. पारावरचे लोक आता आबांना विचारतात, 'चुना केव्हा मारता?' पैसे पुढच्या वर्षी येतील की नाही, मला माहीत नाही. ह्यांचं मन बदलेल की आबांनंतर पोकलेन येईल, तेही माहीत नाही. सातबारा आबांचा आहे तोवर आहे. रात्री मधेच जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही.

परवा श्रावणातल्या उघडिपीत वर गेले. खुंटांना खरंच फुटवे आले होते, गवत पोटरीपर्यंत. गेरूचा रंग पावसाने धुऊन गेला होता, चुना थोडा थोडा राहिला होता. आबा एका दगडावर बसले होते. जरा विचित्रच बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. मला वाटलं वात धरला.

"आबा, हात दुखतात का?"

"नही. दाबून ठेवले."

मी पुढे बघितलं. त्यांच्या पायाशीच गाजरगवताचं एक रोप टरारून वर आलेलं. मी आपसूक वाकले.

"हात नको लावू!"

"आबा, हे गाजरगवत आहे. देशी नाही. हे उपटलेलं चालतं."

"तिले इचार पह्यले."

मी फोन काढला. बरडावर रेंज मिळत नाही. आबा समोर बघत होते, त्या रोपाकडे. मी त्यांच्या शेजारी दगडावर बसले. वाऱ्याने गाजरगवत हलत होतं. थोडा वेळ मी पदराशी चाळा केला, मग बांगड्या मागेपुढे केल्या, आणि मग माझेही दोन्ही हात मांड्यांखाली घालून दाबून धरले.